उपकारांचा महापूर

नॉर्वेतील विद्यार्थ्यांच्या एका संस्थेने २०१२ साली एक चित्रफीत प्रसिद्ध केली होती. आफ्रिकेतील सुखवस्तू तरुण मंडळी, थंडीने काकडणाऱ्या बिचाऱ्या नॉर्वेकरांची दया येऊन, घरोघर फिरून खोली ऊबदार करण्याची यंत्रे गोळा करितात, ती जहाजाने तिकडे रवाना करितात आणि या सत्कृत्याप्रीत्यर्थ एक गाणेही गातात, असा तिचा विषय. आमच्या साताऱ्याच्या महाविद्यालयातील अध्यापककक्षात ती दाखविली गेली तेव्हा जो हशा पिकला, त्यात मीही मनःपूर्वक सामील होतो. साहेबाची फजिती होत असली म्हणजे आपणांस विनोद फार लवकर कळतो. विनोदाचा रोख आपल्याकडे वळला की मात्र तो आपणांस अभिरुचिहीन वाटू लागतो. वाचकांनी पुढील मजकूर वाचताना हा मनुष्यस्वभाव ध्यानी ठेवावा, एवढीच प्रारंभी विनंती.

त्या चित्रफितीस निमित्त काही थोडेथोडके नव्हते. १९८४ साली इथिओपियात दुष्काळ पडला, तेव्हा विलायतेतील नामांकित गायकांनी एकत्र येऊन एक गीत ध्वनिमुद्रित केले आणि त्यात, या लोकांना नाताळ आला हे तरी ठाऊक असेल काय, असा कळवळ्याचा प्रश्न विचारला. ज्या देशात ख्रिस्ती धर्म चौथ्या शतकापासून नांदत आहे, त्या देशाविषयी हा प्रश्न! म्हणजे पंढरपुरास जाऊन तेथील बडव्यांस आषाढी एकादशी समजावून सांगण्यातला प्रकार. पुढे केनियाचे लेखक बिन्यावांगा वाइनाइना यांनी २००५ साली आफ्रिकेविषयी कसे लिहावे याचे उपरोधिक धडे देणारा एक छोटा लेख लिहिला आणि सूर्यास्त, उपाशी मूल व उदार पाहुणा यांवाचून ज्यांची लेखणी चालत नाही अशा सर्व लेखकांस कायमचे लाजविले.

परंतु या साऱ्यांत माझे आवडते उदाहरण चक्रीपंपाचे आहे. दक्षिण आफ्रिकेत कोणा कल्पक गृहस्थाच्या डोक्यातून अशी युक्ती निघाली की, मुले ज्या गोल चक्रीवर बसून गरगरा फिरतात, ती चक्रीच पंपाला जोडावी. मुलांचा खेळ होईल आणि गावाला पाणी मिळेल. कल्पना इतकी गोड की ऐकणाऱ्याचा हात आपसूक खिशाकडे जावा. २००६ साली अमेरिकेच्या तत्कालीन अध्यक्षांच्या पत्नीने या कामासाठी कोट्यवधी डॉलरांच्या मदतीची घोषणा केली आणि चार हजार पंप बसविण्याचा संकल्प झाला. पुढे २००९ साली एका इंग्रजी वृत्तपत्राने साधे त्रैराशिक मांडले. एका पंपाने जितक्या माणसांस पाणी पुरवावयाचे ठरले होते, तितक्यांस ते पुरवावयाचे तर मुलांनी दिवसाचे सत्तावीस तास खेळावे लागले असते! मुले अर्थातच कंटाळली आणि ती चक्री म्हाताऱ्याकोताऱ्या बायका हातांनी ढकलू लागल्या. कित्येक ठिकाणी पूर्वीचा बरा चाललेला हातपंप काढून त्या जागी हे खेळणे बसविले होते. पंप कसला हवा हे त्या बायकांना आधी विचारावे, असे कोणाच्या मनात आले असेलसे दिसत नाही.

आता कोणी म्हणेल की, ही आफ्रिकेची उठाठेव साताऱ्यात बसून कशाला? तर आफ्रिका होण्याची आमची पाळी येऊन गेलेली आहे म्हणून. १८७६-७७ च्या दुष्काळात साताऱ्याचे पूर्वेकडील तालुके होरपळले. आजचा सांगली जिल्हा त्या वेळी काही सातारा जिल्ह्यात आणि काही संस्थानांत विभागलेला होता. तो १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून वेगळा निघाला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. तेव्हा ही कथा दोहोंची सामाईक समजावी. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीस राणीसाहेबांस कैसर-इ-हिंद हा किताब अर्पण करणारा दरबार भरला आणि त्याच महिन्यात सर रिचर्ड टेंपल साहेब दुष्काळाची पाहणी करण्यास दक्षिणेत निघाले. या साहेबांची कथा मोठी बोधप्रद आहे. १८७४ साली बिहारात दुष्काळ पडला असता त्यांनी ब्रह्मदेशातून भरपूर तांदूळ आणवून माणसे वाचविली होती आणि त्याबद्दल त्यांस उधळ्या म्हणून दूषणे मिळाली होती. माणूस एकदा चांगले काम करून पोळला की दुसऱ्या खेपेस शहाणा होतो. या वेळी साहेबांनी असे ठरविले की, दुष्काळी कामावर दिवसभर राबणाऱ्या पुरुषास एक पौंड धान्य व वर एक आणा पुरे. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी. पुण्याच्या सार्वजनिक सभेने याविरुद्ध अर्जांवर अर्ज केले आणि मुंबई इलाख्यातील दुष्काळी कामांवरच्या उपाशी मजुरांनी चक्क काम सोडले. उपाशी माणसाने अन्नासाठी अन्नावर बहिष्कार घालावा, असा प्रसंग जगाच्या इतिहासात वारंवार येत नाही. त्याच वर्षी लंडनच्या महापौरांनी हिंदी दुष्काळग्रस्तांसाठी वर्गणी उभारली, ती लोकांनी मुक्त हस्ताने दिली; आणि त्याच वर्षी हिंदुस्थानातील गहू जहाजांत भरून विलायतेस जात होता. वर्गणी इकडे येताना वाटेत समुद्रावर त्या गव्हाला भेटली असेल, तर उभयतांचे काय संभाषण झाले असेल, याची कल्पना मी अनेकदा केली आहे.

पुढे १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो आणि दुष्काळी कामावर वाटली जाणारी सुकडी यांची आठवण माण-खटावातील वृद्ध माणसे अजून काढितात. ज्या तोंडाने ती चव सांगावी त्याच तोंडाने, ‘पण तगलो त्यावर’ हेही ती सांगतात. ही कबुली त्यांच्या वतीने मीही देतो. परदेशी म्हणून प्रत्येक हात लबाडाचा, असे मानण्याइतका मी पक्षपाती नाही. मिरजेस वानलेस या कानडावासी डॉक्टराने १८९४ साली रुग्णालय उघडले, ते तो आपल्या आयुष्याची उमेदीची वर्षे तेथे राहिला म्हणून उभे राहिले. त्याने इकडच्याच मुलांस वैद्यक शिकविले. धर्मप्रसाराचा हेतू त्यात होताच; पण शस्त्रक्रिया करून दुसऱ्या गाडीने परत जाणाऱ्या परोपकाऱ्यांतला तो नव्हता. राहणारा माणूस आपल्या चुकांना जबाबदार असतो, कारण त्या चुका उद्या सकाळी त्याच्याच दारात येऊन बसतात. वाटून जाणाऱ्याला हा जाच नाही.

येथवर वाचक माझ्याशी सहमत असतील, अशी माझी समजूत आहे. कारण येथवर खलनायक साहेब होता.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णामाईने सांगलीत प्रवेश केला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट समजतात. पाणी ५७ फुटांवर गेले. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळ येथे ८ ऑगस्ट रोजी माणसांनी खच्चून भरलेली नाव उलटून डझनभराहून अधिक जीव गेले. सरकारी नाव वेळेवर न आल्यामुळे गावकऱ्यांनी होती ती नाव काढली होती. अशा समयी आपले राज्य, आपलेच सरकार, टेंपल साहेबाचा वंश बुडाला असे वाटण्याचा तो काळ. आणि शासननिर्णय निघाला की, ज्यांचे घर दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखाली असेल त्या कुटुंबास दहा किलो गहू व दहा किलो तांदूळ विनामूल्य मिळतील. म्हणजे ज्याचे घर दीड दिवस बुडाले, त्याने आणखी बारा तास नदीची प्रार्थना करावी! टेंपलने धान्य तोलले होते. आम्ही पाणी मोजले. शेजारच्या इचलकरंजीत वाटण्यात आलेल्या शिध्याच्या पिशव्यांवर मुख्यमंत्र्यांची व स्थानिक आमदारांची छायाचित्रे चिकटविलेली होती, हे सर्व महाराष्ट्राने पाहिले. साहेबाच्या मिलोच्या पोत्यावर निदान त्याच्या राष्ट्राचे नाव असे, स्वतःचा चेहरा नसे. पूरग्रस्त भागात नावेतून हिंडताना एका मंत्रिमहोदयांनी हसतमुखाने हात हलविल्याची चित्रफीतही त्याच आठवड्यातली. त्यांचा हेतू तसा नव्हता असे मागाहून खुलासे झाले, आणि ते मी मान्यही करितो. हेतू कोणाचाच तसा नसतो, हीच तर या विषयातली अडचण आहे.

पण मंत्र्यांस हसणे हे साहेबास हसण्याइतकेच सोपे आहे. मला बोलावयाचे आहे ते आपल्याविषयी, म्हणजे हे मासिक घेणाऱ्या, वाचणाऱ्या आणि जुन्या कपड्यांचे गाठोडे बांधून ठेवणाऱ्या घरांविषयी. पाणी ओसरू लागताच आमच्या महाविद्यालयानेही एक मालमोटार भरली. मोटारीस प्रथम काय लागले म्हणाल, तर कापडी फलक. फलकावर कोणाचे नाव वर व कोणाचे खाली, यात एक दुपार गेली. मग घराघरांतून जिन्नस आले. बिस्किटांचे पुडे अपार. ऊस, हळद व द्राक्षे पिकविणाऱ्या, घरोघर दुभती जनावरे बाळगणाऱ्या मुलखाने पंधरवडाभर बिस्किटांवर राहावे अशी आमची योजना होती. आणि कपडे! त्यांत बिनबाह्यांचे अंगरखे होते, एका लग्नातला सुटाचा कोट होता (विजार नव्हती), साखळी तुटलेल्या शाळकरी पिशव्या होत्या आणि फॉल उसवलेल्या जरीच्या साड्या होत्या. ज्या बाईचे चुलीसकट घर वाहून गेले, तिने ती साडी नेसून चिखल उपसावा, असे देणाऱ्या वहिनींच्या मनात खचितच नव्हते. त्यांच्या मनात कपाट रिकामे करावयाचे होते. पूर हे निमित्त चांगले मिळाले.

कृष्णाकाठच्या एका गावी शाळेच्या ओसरीवर आमचे वाटप झाले. रांगेत एक सत्तरीची म्हातारी होती. मी पिशवी पुढे केली, तिने घेतली. फोटो काढणाऱ्या विद्यार्थ्याने सांगितले, ‘सर, हात हलला. पुन्हा एकदा द्या.’ मी, इंग्रजी वाङ्मयाचा प्राध्यापक, ज्याने वीस वर्षे वर्गात मनुष्याच्या प्रतिष्ठेवर व्याख्याने दिली, त्या मी म्हातारीच्या हातून पिशवी परत घेतली आणि पुन्हा दिली. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, ‘बाळा, आता ह्ये एकदा दिलं म्हणायचं का दोनदा?’ तिच्या बोलण्यात राग नव्हता. हिशेबात घोटाळा नको, एवढ्याच काळजीने विचारल्यासारखे तिने विचारले. विद्यार्थी हसले, मीही हसलो. ते छायाचित्र उत्तम आले आणि महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात छापले गेले. त्यात माझा चेहरा स्वच्छ दिसतो, म्हातारीची पाठ आहे.

तर मग बुडत्यास हात देऊ नये की काय, असा रास्त प्रश्न येथे विचारला जाईल. अवश्य द्यावा. पहिल्या चार दिवसांत ज्या तरुणांनी नावा चालविल्या, ज्या गावांनी शेजारच्या गावांस भाकऱ्या भाजून पाठविल्या, त्यांच्याविषयी मला आदराखेरीज दुसरे काही वाटत नाही. भाकरी पाठविणाऱ्यास समोरचा काय खातो हे ठाऊक होते, कारण तोही तेच खातो. माझे भांडण आहे ते पाचव्या दिवसापासून सुरू होणाऱ्या आणि विसाव्या दिवशी संपणाऱ्या कळवळ्याशी. पुराची कारणे शोधण्यास नेमलेल्या वडनेरे समितीने २०२० साली अहवाल दिला; अतिवृष्टीबरोबरच नदीच्या पूररेषेतील अतिक्रमणांकडेही तिने बोट दाखविले. तो अहवाल वाचण्यासाठी कोणी मालमोटार भरली नाही. पूररेषेत भराव घालून ज्यांनी भूखंड पाडले व ज्यांनी ते घेतले, ते सारे आपल्याच वर्गातले. त्यांतील काहींनी बिस्किटांचे पुडेही दिले असतील. पुढे २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा ५० फुटांच्या पार गेले.

आणि देणारा कोण व घेणारा कोण, हे तरी आपण नीट पाहिले आहे काय? कोयनेच्या धरणासाठी साताऱ्याच्या डोंगरातील हजारो कुटुंबांनी घरेदारे सोडली. त्या पाण्याची वीज होते आणि मुंबईपुण्याचे दिवे लागतात. वीज झाल्यावर ते पाणी पोफळीच्या बाजूने पश्चिमेस उतरून समुद्राची वाट धरते. वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट पाणी या मार्गाने वळविण्याची मुभा लवादाने दिलेली आहे. इकडे माण, खटाव, आटपाडी, जत आभाळाकडे पाहतात. एवढे दान कोणत्या मालमोटारीत मावेल? त्याच्या पिशवीवर कोणाचा चेहरा चिकटवावा? धरणासाठी उठलेल्या या माणसांस साठ वर्षांनंतर, २०१८ साली, जमिनीच्या हक्कासाठी कोयनानगरला ठिय्या देऊन बसावे लागले, तेव्हा त्यांस ‘मागणारे’ म्हणण्यात आले. पाटण तालुक्यात मिरगाव व आंबेघर येथे २०२१ च्या जुलैत डोंगर खचून माणसे गाडली गेली आणि पुण्यामुंबईहून चादरी आल्या. चादर पाठविणारा ज्या दिव्याखाली बसून तिची घडी घालीत होता, तो दिवा कोणाच्या घरावरून गेलेल्या पाण्याने लागला होता, याचा हिशेब चादरीबरोबर येत नाही. आफ्रिकेतून तांबे, कोको, कोबाल्ट न्यावयाचे आणि परतीच्या जहाजातून सदरे पाठवावयाचे, या व्यापारास आपण परोपकार म्हणत नाही. आपल्या घरात मात्र तोच शब्द वापरितो.

२०१६ साली मिरजेहून लातुरास आगगाडीने पाणी गेले, त्याचा सोहळा सर्वांस आठवत असेल. पहिल्या गाडीत दहा टाक्या होत्या, पाच लक्ष लिटर पाणी होते, आणि गाडीवर फलक लावण्यावरून श्रेयाची ओढाताणही होती. मिरजेकरांनी पाणी दिले ते मनापासून दिले, आणि त्याचा मला जिल्ह्याचा शेजारी म्हणून अभिमान आहे. पुढे रेल्वेने लातूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे सुमारे चार कोटींचे देयक धाडले. प्रशासनानेच ते मागितले होते असा खुलासा झाला. फलक फुकट, पाण्याचे भाडे मात्र वेगळे, इतकाच अर्थ सामान्य माणसाने घेतला, आणि त्यास फारसा दोष देता येत नाही.

याच मातीत दुसराही एक विचार उगवला, हे सांगितल्यावाचून माझे भांडण अपुरे राहील. तासगाव तालुक्यातील विसापूर येथे वि. स. पागे यांनी १९६५ साली एक प्रयोग आरंभिला. पागे त्या वेळी विधानपरिषदेचे सभापती होते आणि ते पद त्यांच्याकडे दीर्घकाळ राहिले. त्यांचे म्हणणे एका ओळीचे होते: जो काम मागेल त्यास काम मिळालेच पाहिजे, आणि ते सरकारची कृपा म्हणून नव्हे, त्याचा हक्क म्हणून. त्यातून रोजगार हमी योजना निघाली, १९७२ च्या दुष्काळात ती कसास लागली, १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि २००५ साली दिल्लीने देशासाठी जो कायदा केला त्याचे मूळ येथे होते. ती निर्दोष होती असे मी म्हणत नाही. हजेरीपटावर मेलेल्या माणसांच्या सह्या झाल्या, खडीचे ढीग दरसाल त्याच जागी फुटले. परंतु त्या योजनेवर गेलेली बाई मुकादमाशी भांडू शकत असे. ‘माझे चार दिवस कमी का मांडले?’ असे ती विचारू शकत असे. आमच्या शाळेच्या ओसरीवर म्हातारीला एवढेच विचारता आले की हे एकदा की दोनदा. खानापूर तालुक्यात येरळेकाठी बलवडी व तांदुळवाडीच्या शेतकऱ्यांनी १९८० च्या दशकात, दुष्काळी कामाची भीक नको, आमच्या नदीची वाळू आम्हांस विकू द्या, असे सरकारशी भांडून त्या पैशांतून बळीराजा धरण बांधिले. त्यांत मुंबईच्या संपातून परतलेले गिरणीकामगार होते. धरणाचे पाणी जमीन किती यावर न वाटता घरटी वाटावयाचे, असेही त्यांनी ठरविले. हे पाहावयास फोटो काढणारे पुष्कळ आले, पण ते धरण त्यांनी दिले नव्हते.

रोजगार हमीचा पैसा कोठून आला, हे आपल्या वर्गास विशेष सांगावेसे वाटते. १९७५ च्या कायद्याने महाराष्ट्रात व्यवसायकर बसला तो याच कामासाठी. माझ्या वेतनपत्रकात दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, असा तो कापला जातो. इतकी वर्षे मी जे दिले त्यात सगळ्यांत उपयोगाचे दान बहुधा हेच असावे. ते देताना माझे कोणी छायाचित्र काढिले नाही. घेणाऱ्या बाईस माझे नाव ठाऊक नव्हते. तिला माझ्यापुढे पिशवी दोनदा घ्यावी लागली नाही. आणि खरे सांगावयाचे तर, अध्यापककक्षात आम्ही ज्या ज्या गोष्टींविषयी कुरकुर करितो त्यांत या कपातीचा क्रम बराच वरचा आहे. बिस्किटांच्या वर्गणीस मात्र कोणी कधी ना म्हटले नाही.

त्या दिवशी सांगलीहून परतताना मोटारीत निम्म्याहून अधिक कपडे तसेच होते. गावकऱ्यांनी कोपऱ्यात नीट रचून ठेवलेली गाठोडी, ‘तुमची हाईत, न्या’ म्हणून त्यांनीच मोटारीत चढविली. वर एकाने शेंगांची एक पिशवीही टाकली, माळ्यावर ठेवल्यामुळे ती वाचली होती. शेंगा आम्ही कराडपर्यंत संपविल्या. गाठोडी महाविद्यालयाच्या क्रीडाविभागात ठेवली. दोन वर्षांनी मिरगावची बातमी आली, तेव्हा शिपायाने तीच बाहेर काढून त्यांवरील ‘सांगली’ हे अक्षर काळ्या रंगाने खोडले व खाली ‘पाटण’ असे लिहिले. तेथूनही काही परत आली आहेत. सुटाचा कोट त्यांत आहे, परवाच पाहिला.